आधी बाण, मग बटण

हैदराबादच्या जामबागेतल्या विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेपासून कोठीचं उस्मानिया मेडिकल कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडची मराठी मुलं डॉक्टर होतात, एमडीला जातात, प्रबंध लिहितात. त्यांना आणि त्यांच्या गाइडना एकच सांगणं आहे: रिग्रेशनचं, म्हणजे अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या गणिताचं, बटण दाबण्याआधी कागदावर बाण काढा. आधी काय घडतं, त्यातून पुढे काय होतं, हे बाणांनी दाखवा.

हृदयविकारावरचा प्रबंध घ्या. मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदींच्या तक्त्यात, तंबाखू, कमरेचा घेर, साखर, रक्तदाब असे रकाने. सगळे एकाच मॉडेलमध्ये घातले, की घेराच्या परिणामाचा आकडा खाली येऊ शकतो, पी-व्हॅल्यू ०.०५ या रूढ मर्यादेच्या वर जाऊ शकते. मग निष्कर्ष काढला जातो, की पोट सुटण्याला महत्त्व नाही. साफ चूक! पोट सुटल्यानं साखर आणि रक्तदाब वाढतात, त्यातून हृदय बिघडतं. मधले टप्पे मॉडेलमध्ये घेतले, म्हणून मूळ कारण फिकं पडलं. एसपीएसएस, स्टाटा, आर, यांतलं कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही. सॉफ्टवेअरला रकाने कळतात, कार्यकारण कळत नाही.

हैदराबादेतलंच उदाहरण पाहा. १९८७ ते १९९० या काळात राष्ट्रीय पोषण संस्थेनं शहराजवळची २९ गावं निवडली. त्यांतल्या १५ गावांत गरोदर बायकांना आणि लहान मुलांना पूरक आहार मिळाला, १४ गावांत नाही. तीच मुलं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर तपासली. निष्कर्ष २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले: आहार मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच, आणि त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध व धमन्यांचा ताठरपणाही कमी.

इथे वाढलेली उंची हे आहाराचंच फळ. ती मॉडेलमध्ये घालून 'ॲडजस्ट' केली, तर आहाराच्या फायद्यावरच कात्री चालू शकते. शिवाय एका गावातली मुलं एकच पाणी पितात, एकाच अंगणवाडीत जातात. त्यांना परस्परांशी संबंध नसलेली माणसं धरून मोजलं, तर निकालावर नको तितका विश्वास बसतो. कोणती मुलं एका गावची, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला गाव माहीत असावं लागतं.

पैशाची सबब चालणार नाही. ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेलं आर फुकट आहे. बाणांची आकृती काढून 'ॲडजस्ट' काय करायचं आणि काय नाही, हे सांगणारं डॅगिटीही फुकट आहे.

संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा झाल्यावर बोलावू नका, पहिल्याच बैठकीला बसवा. प्रबंधातला चुकीचा निष्कर्ष कपाटात पडून राहत नाही. उद्या त्याच्याच आधारानं कुणी पेशंटला 'पोटाची काळजी नको' म्हणेल. म्हणून प्रबंधांना मंजुरी देणाऱ्या कमिट्यांनी सिनॉप्सिससोबत, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यासोबत, बाणांची आकृती मागावी. आकृती नसेल, तर सिनॉप्सिस परत पाठवावा.