शेवग्यावरचं बिऱ्हाड

"काकू, ओ काकू! कुंपणाशी या जरा. पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. काल पहाटे साडेपाचला टोप्या घालून कुठे निघाला होतात दोघं?"

"यांना रिटायर झाल्यापासून पक्ष्यांचं वेड लागलंय ना! एकांत पार्कात दूधराज दाखवतो म्हणाले. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. आपण मराठीत त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतो. पांढराशुभ्र, हातभर शेपटीचा. म्हटलं, चला. तर एकांत कसला! इकडे योगवाले, तिकडे हास्य क्लब. त्या हा-हा-हू-हूपुढे कोण नाचणार? नाहीच दिसला."

"मग हात हलवत परत?"

"नाही हो. पिंपळाखाली उभी होते, तर डोक्यावर टपाटप फळं पडायला लागली. वर बघते तो हरियलांचा थवा! अंग पानांत मिसळलेलं, पाय मात्र हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हे म्हणतात, 'बघ, तुझ्या माहेरचे आलेत.' म्हटलं, माहेरचे कसले? तुमचे वडील 1956 साली राजधानी हलली तेव्हा नागपूरहून भोपाळला आले. हे पक्षी त्याच्या कितीतरी आधीपासून इथलेच."

"बरं केलंस. आणि तो वाकड्या चोचीचा धनेश? आमच्या गच्चीवरून दिसतो कधीकधी."

"दिसला की. नर एकटाच, नुसती धावपळ. मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि स्वतःच्या विष्ठेनं दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट. आत तिची पिसंसुद्धा गळतात, म्हणजे उडायची सोय नाही. नवऱ्यानं वडा-पिंपळाची फळं आणून एकेक भरवायची. आधी तिला, मग पोरांनाही."

"अगं, म्हणजे बाळंतिणीची सगळी उस्तवार नवऱ्याकडे!"

"मी यांना तेच ऐकवलं. आज सकाळी चहा यांनी केला. साखर विसरले, पण केला."

"आणि शाहपुऱ्याचा तलाव?"

"राहिला. नऊलाच ऊन भाजायला लागलं. दस नंबर मार्केटात पोहे-जलेबी खाल्ली नि घरी आलो. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, आणि त्या शांततेत टुक्-टुक्-टुक्. एका लयीत, थांबायचं नाव नाही."

"ते मीही ऐकते रोज. मला वाटलं मागच्या बंगल्यात प्लंबर लागलाय."

"तांबट आहे तो! भांडी ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. चिमणीएवढाच, हिरवा, कपाळावर लाल टिळा. हे दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. तर बिऱ्हाड कुठे, तुमच्याच शेवग्यावर! ती वाळकी फांदी आहे ना, तिला खालच्या अंगानं गोल भोक पाडलंय."

"अगं बाई! ती तोडायला रविवारी माणूस सांगितलाय मी."

"म्हणून तर हाक मारली. त्याला आत्ताच फोन करा काकू, पावसाळ्यानंतर ये म्हणावं. आणि दुसऱ्या फांदीवरच्या चार शेंगा द्या, आमटीत टाकते."