कुठं ठेवलाय ते विचारा

"काय ओ वहिनी, कॅसिओ घेताय म्हणे?"

आमच्या आणि काकूंच्या मधली भिंत छातीइतकी उंच. तिच्यावर त्यांचे पापड वाळतात, आमच्या कुंड्या बसतात आणि उरलेल्या जागेवर गल्लीतल्या बातम्या मांडल्या जातात. कीबोर्डाचं आम्ही घरातल्या घरात, तेही रात्री जेवताना बोललो होतो. काकूंना सकाळी ठाऊक होतं.

"बघतोय नुसतं, काकू. धाकटीनं हट्ट धरलाय. पण ज्याला विचारावं तो निराळंच सांगतो. एक म्हणतो, या पैशात याहून चांगलं मिळायचं नाही. दुसरा म्हणतो, खेळणं आहे, पैसे पाण्यात."

"तुम्ही त्यांना विचारता काय?"

"कसा आहे म्हणून."

"मग तसंच होणार की. कसा आहे विचारलं की माणूस आपली अक्कल सांगायला लागतो. कुठं ठेवलाय ते विचारा. हॉलमध्ये स्टँडवर आहे म्हणाला, तर त्याच्यापुढं बसायचं आणि सगळं ऐकून घ्यायचं. 'असेल बघा माळ्यावर' म्हणाला, तर चहा घ्यायचा आणि उठायचं."

काकूंच्या या कसोटीला आमच्या गल्लीत उतरलेलं पहिलं घर म्हणजे कोपऱ्यावरचे बँकेतले भाऊ. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहा हजारांच्या आतला साधा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आणला. तो दिवाणाशेजारी कायम उघडा असतो, वर वहिनींनी विणलेला रुमाल. मीही भाऊंना विचारलं होतं, ते एकदम खूश होते.

"खूश असणारच," काकू म्हणाल्या. "ते मूळचे पेटीवाले. त्यांच्या त्या कीबोर्डाला टच नाही. म्हणजे पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, आवाज तेवढाच. दुसरा कोणी कुरकुरला असता. पण पेटीतसुद्धा पट्टी जोरात दाबून कुठं आवाज वाढतो? ते काम भात्याचं. भाऊंची तक्रार वेगळीच आहे. म्हणतात, डाव्या हाताला कामच राहिलं नाही, मांडीवर नुसता पडून असतो."

"आणि पट्ट्या जास्त आहेत म्हणून खूश आहेत. पेटीत तीन-साडेतीन सप्तकं, यात पाच."

"त्या पाचातली साडेतीनच वाजवतात. मी बघते की खिडकीतनं. पण त्यांचा खरा जीव आहे तो ट्रान्सपोजच्या बटणावर. गुरुवारी भजनाला ते देशपांडे वकील काळी एकला गातात, आमची मंडळी काळी चारला. भाऊ बटण दाबतात आणि बोटं आहेत तिथंच ठेवून वाजवतात. जुने पेटीवाले याला नाकं मुरडतात. मुरडू देत. त्यांना काय, वकिलांबरोबर रोज थोडंच वाजवायचंय."

भाऊंचं म्हणणं मला पटलं होतं, पण ते भाऊंना लागू. आमच्या धाकटीला क्लासला घालायचंय आणि क्लासचं गणित वेगळं असतं. हे मी काकूंना सांगितलं मात्र, त्यांनी पदर खोचला.

"क्लास? मग मागच्या गल्लीतल्या त्या शिक्षिकाबाईंच्या मुलीचं झालं तसं करू नका. तिनं हौसेनं कीबोर्ड घेतला, लाल रंगाचा, दिसायला काय सुंदर. पहिल्याच दिवशी क्लासच्या बाईंनी विचारलं, टच सेन्सिटिव्ह आहे का? नव्हता. आता ट्रिनिटीच्या परीक्षेला बसायचं म्हणजे हळू कुठं, जोरात कुठं, हे दाखवायला नको? वर्षभरात तो विकून दुसरा घ्यावा लागला."

इथं मी थोडी भर घातली, कारण एवढ्यात मी दुकानं पालथी घातली आहेत. कॅसिओचा सीटी-एस 200 आणि सीटी-एस 300, दोन्ही दिसायला जुळे भाऊ. दोन्हींना 61 पट्ट्या, दोन्हींना हँडल, दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. पण टच आहे तो फक्त तीनशेला. खोक्यावरचा आकडा नीट वाचला नाही तर घरी आल्यावर कळतं. यामाहातही तसंच, एकदम खालच्या पायरीवरच्या मॉडेलात टच नाही, जरा वर चढलं की मिळतो.

"दोनशेवाल्यात आवाज किती आहेत सांगा," काकूंनी माझी परीक्षा घेतली.

"चारशे. शिवाय 77 ताल."

"आणि भाऊंना विचारा, त्यातले वापरता किती. पियानो, बासरी, व्हायोलिन. चौथा तो चर्चमधल्या ऑर्गनचा, तो एकदा चुकून लागला आणि वहिनी देवघरातनं पळत आल्या. दुकानदार आवाजांचे आकडे सांगतो, त्याच्यावर जाऊ नका. एका वेळी किती स्वर वाजतात ते विचारा."

हे मात्र खरंच कोणी विचारत नाही. मुलांसाठी म्हणून जे 44 बारीक पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात त्यांतल्या काहींत एका वेळी आठच स्वर वाजू शकतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, बोटं तर दहाच. पण मागं ताल सुरू केला, डाव्या हातानं कॉर्ड धरली, तर तो तालही त्याच आठांत खातो. मग मधूनच एखादा स्वर गिळला जातो आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. मोठ्या पट्ट्यांच्या साध्या मॉडेलातही 32 किंवा 48 स्वर असतात, तेवढे आपल्याला रग्गड.

"बारीक पट्ट्यांचं काढलंत म्हणून सांगते," काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे आता नात्यातलं. "आमच्या नणंदेनं नातवाला वाढदिवसाला तसला दिला. पहिलीत होता तोवर ठीक. तिसरीत गेला तसं एक बोट ठेवलं की दोन पट्ट्या दबायच्या. क्लासला गेला तर तिथं पट्ट्या मोठ्या, घरी लहान, बोटांना कुठं काय ते कळेचना. शेवटी म्हणाला, आजी, मला क्रिकेट खेळू दे."

"मग तो कीबोर्ड कुठंय?"

"माळ्यावर. तुम्हीच सांगा आता."

समोरच्या रस्त्यानं टेम्पोतून भोपळे चालले होते. मिरजेत राहून हे बघायची सवय होते. पंढरपूरकडचे ते मोठाले भोपळे सतारमेकर गल्लीत येतात, तासले जातात, त्यांचे तंबोरे होतात आणि देशभर जातात. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात भिंतीवर हात टेकून बॅटरीवरच्या वाद्याची चौकशी करायची म्हणजे माझं मलाच जरा ओशाळं झालं. मी तसं बोलूनही गेले.

"त्यात काय लाजायचं?" काकू म्हणाल्या. "आमच्या मामंजींचं असंच होतं. घरात पेटी आणू द्यायचे नाहीत. पेटीवर मींड येत नाही, गळा बिघडतो, साहेबाचं वाद्य आहे म्हणायचे. रेडिओवाल्यांचंही तेच. 1940 साली पेटीला बंदी घातली, ती उठायला 1971 उजाडलं. आणि आता बघा, कीबोर्डाला नावं ठेवायला सगळ्यात पुढं कोण? पेटीवाले."

"पण स्वरांचं ते खोटं नाही, काकू."

"खोटं कोण म्हणतंय? कीबोर्डाचे बारा स्वर एकसारख्या अंतरावर ठोकून बसवलेले. आपला गंधार तिथं कुठं बसतो? याच्यासाठी तर सांगलीच्या देवलांनी जन्म घातला. डेप्युटी कलेक्टर होते, निवृत्त झाल्यावर बावीस श्रुतींच्या मागं लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवायचे आणि स्वर मोजायचे. 1910 मध्ये पुस्तक काढलं, पुढं श्रुतीची पेटी करवली. ती पेटी किती घरांत गेली? माणसाला शेवटी वाजवायला सोपं लागतं, वहिनी. धाकटीला मारवा शिकवायचाय का तुम्हाला?"

"नाही हो. सध्या तिला वाढदिवसाचं गाणं आणि गणपतीची आरती वाजवायचीय."

"मग देवलांना त्रास देऊ नका."

मला तरीही वाटतं, गाणं शिकणाऱ्या मुलाला रियाझाला कीबोर्ड देऊ नये, तंबोराच द्यावा. तोही जमत नसेल तर फोनमधला. यामाहानं पीएसआर-आय 500 मध्ये खास आपल्यासाठी तबला-तंबोऱ्याची रियाझाची सोय दिली आहे आणि ती उपयोगीही पडते, पण तो कीबोर्ड स्वस्तात मोडत नाही.

पेटीला नावं ठेवणाऱ्यांवरून मला माझ्या भावानं सांगितलेली गंमत आठवली, ती मी काकूंना ऐकवली. कॅसिओनं 1981 मध्ये एमटी-40 नावाचा छोटा कीबोर्ड काढला, घरगुती हौसेचाच. त्यात आयते ताल भरायचं काम ओकुदा हिरोको नावाच्या मुलीकडं होतं. नुकतीच कॉलेजातनं आली होती, आणि तिथं प्रबंध लिहिला होता रेगे संगीतावर. तिनं 'रॉक' म्हणून एक ताल बसवला. तो कीबोर्ड फिरत फिरत जमैकात पोचला, 1985 मध्ये वेन स्मिथ नावाच्या गायकानं आणि किंग जॅमी या निर्मात्यानं त्याच तालावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं केलं, आणि तिथून जमैकाचं सगळं नाचगाणं वाजवणाऱ्या माणसांकडून यंत्राकडं वळलं. त्या एका तालावर पुढं शेकड्यांनी गाणी झाली.

"जमैका म्हणजे होल्डिंगचं?" काकूंना वेस्ट इंडीज क्रिकेटमुळंच माहीत. "कमाल आहे. आमच्याकडं तेच बटण दाबून भाऊंनी सत्यनारायणाची आरती बसवली."

मग विषय यंत्राच्या दुखण्यांवर गेला, आणि तिथं काकूंनी दुरुस्तीवाल्याकडून ऐकलेलं सगळं ओतलं. ॲडॉप्टर पहिला. कोणाचा 9.5 व्होल्टचा, कोणाचा 12 चा. पिन मात्र बऱ्याचदा सारखीच घुसते. एका घरी पाहुण्यांनी उचलून भलताच लावला आणि आत काहीतरी जळाल्याचा वास सुटला. व्होल्ट तर बघायचेच, पण अधिक-उणेची गोल खूण छापलेली असते तीही जुळली पाहिजे.

"दुसरं म्हणजे धूळ. भाऊंच्या वहिनी रुमाल टाकतात तो उगाच नाही. एकाच्या घरी मधलीच एक पट्टी ओरडायला लागली. बाकी सगळ्या गोड, ही एकटी भांडल्यासारखी. त्यांना वाटलं कीबोर्ड गेला."

"गेला होता?"

"छे. पट्टीखाली रबर असतं, त्याला काळे ठिपके असतात कार्बनचे. टच असला की एकेका पट्टीखाली दोन-दोन. एक आधी टेकतो, दुसरा मागनं. मधे किती वेळ गेला त्यावरनं त्याला कळतं तुम्ही हळू दाबलं की आपटलं. एकावर धूळ बसली की हिशेब चुकतो आणि तो पूर्ण ताकदीनं वाजतो. स्पिरिटनं पुसलं की झालं. पण मागचे स्क्रू काढता काढता दुपार जाते, त्याचेच पैसे घेतो तो."

"काकू, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"बसले होते ना समोर. सोडून आले तर तो आतलं काय बदलेल सांगता येतं का?"

इथं माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. दुरुस्तीवाल्यासमोर दुपारभर बसायला काकू दुसऱ्या कोणाचा कीबोर्ड घेऊन कशाला जातील? त्यांचा मोठा नातू पुण्याला इंजिनिअरिंगला गेलाय, त्याआधी संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून काहीतरी वाजायचं खरं.

"मोठ्याचा कीबोर्ड कुठं ठेवलाय, काकू?"

त्यांनी एक पापड उलटला. मग दुसरा.

"दिवाणात आहे. चादरीत गुंडाळून."

"म्हणजे तुमच्याच नियमानं मी आता चहा घेऊन उठायला हवं."

"उठा की. पण जाताना बघून तरी जा. 61 पट्ट्या आहेत, मोठ्या. ॲडॉप्टर मूळचा आहे, खोकं आहे, वर स्टँड देते. ती ओरडणारी पट्टी करून आणलीय, आता सगळ्या सारख्या बोलतात. पुण्याला त्याच्या खोलीत गादी आणि टेबल सोडून काही मावत नाही, म्हणून राहिला."

"टच आहे?"

"आहे म्हणून तर मघापासनं टच टच करतेय."

"किती म्हणताय?"

"तुम्ही घरच्या. साडेपाच हजार."

"स्टँड धरून चार."

"स्टँड राहू दे मग, भाऊ नाहीतरी मागतायत," काकू म्हणाल्या. "चार हजार आठशे, आणि धाकटीला रात्री नऊनंतर हेडफोन लावायला सांगायचं. आमचे हे लवकर झोपतात."