बालकाचे आडनाव काय?

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका ओळीचा ब्राह्मी शिलालेख आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे केले, एवढाच मजकूर. कर्ता, गुरू आणि काम, तिन्ही नोंदलेले. आजच्या शोधपत्रिकेत ही नोंद पहिल्याच तपासणीत परत येईल: आडनाव नाही, वर्ष नाही, डीओआय हा डिजिटल ओळखक्रमांक तर नाहीच.

वाचकाला मूळ साधन सापडावे, हा संदर्भसूचीचा हेतू. लेखकाला स्वस्थ बसू देऊ नये, हा संदर्भशैलीचा. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा ‘द केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८८० साली लंडनहून निघाला. दोघांचेही नाव जेम्स. एपीए या संदर्भशैलीत दोघे आखडून ‘जे.’ होतात आणि २०१९च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढून टाकल्यामुळे लंडनही जाते. लेख नाकारला गेला आणि पुढची पत्रिका शिकागो शैलीची निघाली, की दोन्ही जेम्स सदेह परततात, पाठोपाठ लंडनही. ग्रंथ तोच, पान तेच.

मराठी साधनांची गत न्यारीच. या शैलींत कॅपिटल अक्षर कुठे घालावे याचे कडक नियम असतात. देवनागरीत ते अक्षरच नाही.

शहाण्याने लेखक, वर्ष व पृष्ठांक आधी ताडून घ्यावेत आणि स्वल्पविरामांची आरास लेख स्वीकारला गेल्यावर एकदाच करावी. पृष्ठांक चुकला, तर कोणतीही शैली तारत नाही.