वॉर्म लुकवाले

लातूर आणि नांदेड या शहरांच्या नव्या वसाहतींत गृहस्थांचा जो एक वर्ग अलीकडे बहरास आला आहे, त्यास सोयीसाठी ‘वॉर्म लुकवाला’ म्हणावे. कारण घराचे इंटिरिअर करवून घेताना त्याने डिझायनरपुढे ठेवलेली अट एवढीच असते की, घर मॉडर्न तर दिसावेच, पण पाहुण्याला उंबऱ्यातच आपलेपणा वाटला पाहिजे. हा गृहस्थ लातुरात औसा रोडला आढळतो तसा नांदेडात तरोडा नाक्याकडेही आढळतो. तो खत-बियाण्यांचा व्यापारी असेल, प्राध्यापक असेल किंवा ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे बारावीच्या निकालांमुळे राज्यभर नाव झालेल्या शिकवणीपद्धतीच्या ओढीने आलेल्या मुलांना खोल्या भाड्याने देणारा घरमालक असेल. या शेवटच्या पोटजातीत तळमजल्यावरील प्रत्येक खोलीत तीन लोखंडी खाटा व एक ट्यूबलाइट असते, आणि त्यांच्या भाड्यातून वरच्या मजल्यावर आपलेपणाचे काम चालते.

या आपलेपणाचे पहिले साधन प्रकाश. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात. आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर, त्यामुळे जुन्या बल्बशी नाते सांगणारा २७०० ते ३००० केल्विनचा दिवा ‘वॉर्म’ ठरतो आणि ६५०० केल्विनचा पांढराफेक दिवा त्या पंक्तीतून बाद होतो. फॉल्स सीलिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या दुसऱ्या छताच्या, खाचेत अशा दिव्यांची पट्टी दडवलेली असते. ती बेल वाजल्यावर लागते आणि पाहुणा जिना उतरला की विझते. मधल्या काळात कुटुंब स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली नांदते, कारण डाळीतले खडे आणि प्रश्नपत्रिकेतले पर्याय पिवळ्या उजेडात नीट दिसत नाहीत. सोफ्यावर मखमली उशा आणि खाली लांब केसांचा गालिचा हेही ठरलेलेच. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की, या गालिच्यावर पाय ठेवता यावा एवढ्यासाठी एसी लावावा लागतो.

या हौसेची मुळे जुन्या घरात आहेत, हे मात्र मान्य केले पाहिजे. मराठवाड्यातील वाड्याच्या मुख्य दरवाजातून आत शिरताच बाजूला जी बसण्याची उंच जागा असे तिला ढाळज म्हणत. तिथे येणाऱ्याने टेकावे, पाणी मागावे, आणि आपण कोण हे नंतर सांगितले तरी चालत असे. वर माळवद, म्हणजे सागवानी तुळयांवर लाकडे अंथरून त्यावर मातीचा जाड थर चढवलेले सपाट धाबे असे. त्याने उन्हाळ्यात आत गारवा राहत असे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि हीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो लोक गेले, आणि त्यानंतर कित्येक महिने ज्यांची घरे उभी होती तेही अंगणात झोपले. त्या पिढीतली मुले आज घरे बांधत आहेत. त्यांनी सिमेंट-लोखंडाचे छत निवडले यात हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते पुढच्या व्यवहाराचे: गावाकडचा वाडा उतरवताना भंगाराच्या भावाने गेलेली सागवानी चौकट ‘अँटिक’ होऊन, काच बसवून, टीपॉय म्हणून परत येते आणि मालक तिच्यावर चहाचा कप ठेवू देत नाही.

वाकळीचेही तसेच. जुन्या लुगड्यांचे थर हाताने शिवून केलेले हे अंथरूण-पांघरूण आता दिवाणखान्याच्या भिंतीवर, वर एक फोकस लाइट घेऊन, लटकते. गावाकडून आलेले मामा ते पाहून “वाळली नाही का अजून?” असे विचारतात. घागरीत वाळके गवत खोचलेले असल्याने पाणी काचेच्या अर्ध्या भरलेल्या ग्लासातून येते. लातूरच्या काही घरांत तर कोपऱ्यात विजेवर चालणारे छोटे कारंजेही असते. २०१६च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या गृहिणीचे त्या कारंज्याविषयीचे मत डिझायनरच्या कानावर कधीच घातले जात नाही.

खरा पेच पाहुणा बसण्याच्या क्षणी येतो. मामांना भिंतीला टेकून खाली बसायची सवय, आणि भिंतीला लाकडी पट्ट्यांचे नाजूक पॅनेल. डोक्याला तेल भरपूर. “मामा, तिथं नका, इकडं बसा की,” असे म्हणत यजमान त्यांना सोफ्याकडे नेतो, सोफ्याचा रंग फिकट असल्याने तोंडातल्या तंबाखूची मनातल्या मनात दखल घेतो, आणि अखेर “आत उकडतंय, बाहेरच बसू” असा तोडगा काढतो, वास्तविक आत एसी चालू असतो.

बाहेर म्हणजे पोर्चमध्ये. तिथे बोअरच्या मोटारीच्या स्विचखाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सतरंजी आणि गेल्या निवडणुकीचे कॅलेंडर असते, आणि याच जागी वॉर्म लुकवाला एकदम वेगळा माणूस होतो. शेजारी गेट न वाजवता येतो, भाडेकरू मुले पायरीवर बसतात, दूधवाला सोयाबीनचा भाव विचारून टेकतो, वहिनींना चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो आणि मामा मध्यरात्रीपर्यंत उठत नाहीत. ही गर्दी गृहस्थाच्या नजरेतून सुटत नाही. दुसऱ्याच दिवशी तो डिझायनरला बोलावतो, पोर्चची लांबी-रुंदी मोजून घेतो, खुर्च्या भंगारात काढायचे ठरवतो आणि तिथेही वॉर्म लुक करायला किती लागतील याचे कोटेशन मागतो.