सहा किलोंच्या दादाला फिरवून आणण्याची पद्धत

आमच्या दादाचं वजन सहा किलो आहे. देणाऱ्याच्या मते तो पॉमेरेनियन. प्रत्यक्षात, आपल्याकडच्या बहुतेक 'पॉम'सारखा, इंडियन स्पिट्झ. समोरून तीस-पस्तीस किलोंचा लॅब्रेडॉर आला की त्याला यातलं काहीच मान्य नसतं. नाव ठेवतानाही आमची चूक झाली. 'दादा, गप बस!' असं भर रस्त्यात ओरडलं की पानटपरीवरचे दोघे-तिघे वळून बघतात.

असा दादा पदरी असलेल्यांनी आधी त्याचा हिशेब समजून घ्यावा. दादा भुंकतो, समोरचं कुत्रं निघून जातं. ते जाणारच होतं. त्याच्या मालकाला दुधाची पिशवी घेऊन घरी पोचायचं होतं. पण दादाच्या वहीत 'पळवून लावला' अशी नोंद होते. रोज दोन विजय धरले तरी वर्षाला ७३०. एवढ्यावर कुणाचंही डोकं फिरेल. या पराक्रमाच्या मुळाशी बहुधा भीती असते, पण ते चारचौघांत बोलू नये.

साहित्य फार नाही. छातीवरून बांधायचा हार्नेस घ्यावा. लहान जातींची श्वासनलिका नाजूक, गळपट्ट्याला हिसका बसला की तिच्यावर दाब येतो. पट्टा साधा, पाच-सहा फुटी. आपोआप लांब होणारा, बटण दाबून थांबवायचा नको, ऐनवेळी बटण सापडत नाही. शिवाय उकडलेलं चिकन, कांदा-लसूण-मीठ न घालता, वाटाण्याएवढे तुकडे करून. शाकाहारी घरात पनीर चालतं. मनुका मात्र कदापि नको, कुत्र्यांना त्या विषारी ठरू शकतात. चिकन पँटच्या खिशात सुटं ठेवू नये. तीच पँट घालून मी एकदा बँकेत गेलो होतो आणि रांगेत माझ्या पुढे-मागे आपोआप जागा झाली होती.

आता कृती. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. त्यापलीकडचं कुत्रं तो नुसतं बघतो, अलीकडे आलं की फुटतो. दादाचं अंतर तीस फूट, म्हणजे ओळीने लावलेल्या तीन रिक्षा आणि एक स्कूटर. याच्या बाहेर राहून, समोरचं कुत्रं दिसलं की एक तुकडा द्यावा. ते दिसेनासं झालं की दुकान बंद. क्रम चुकवू नये. आधी चिकन आणि मग कुत्रं असं झालं तर दादा चिकनवरच संशय घेऊ लागतो. पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, पण आपलं सगळं काम त्यांनी मोजलेल्या लाळेवर चालतं.

दादाचे कान पुढे, तोंड मिटलेलं, शेपूट ताठ दिसली तर चिकनची वेळ टळलेली असते. मुकाट वळावं. पुढे जाणं भागच असेल तर सरळ जाऊ नये. कुत्र्यांच्या रीतीत नाकासमोर चालून येणं हा उद्धटपणा. सभ्य कुत्री वळसा घेऊन, अंग तिरकं करून येतात. आपणही अर्धवर्तुळ काढावं, वाटेत गटार आलं तरी. लोक काय समजायचं ते समजतात.

पट्टा खेचून आपण ओरडलो की दादाला वाटतं, मालकही लढाईत उतरले. उचलून घेऊ नका, असंही जाणकार म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. मोकळी कुत्री चौफेर आली की खुशाल उचलावं. तो अंबारीत बसल्यासारखा वरून भुंकतो, तेवढं सोसावं. आणि 'माझा काही करत नाही हो' म्हणत पट्टा सैल सोडणाऱ्या गृहस्थांना हात जोडून सांगावं, 'माझा करतो.'

राहिला मुहूर्त. सगळे झोपलेले असताना जावं म्हणून मी पहाटे पावणेपाचची वेळ ठरवली. हाच विचार करून आमच्या भागातली झाडून सगळी भांडखोर कुत्री पावणेपाचलाच बाहेर पडतात. त्यात एका चष्मेवाल्या काकांचा डॅशहुंड आहे. आठ महिने आम्ही एकमेकांना तीस फुटांवरून नमस्कार करतो.

परवा काका वाण्याच्या दुकानात भेटले. दोघेही एकटे, हातात पिशव्या. मला पाहताच त्यांनी अंग तिरकं केलं आणि साखरेच्या पोत्याला वळसा घालून पलीकडच्या कडेने गेले. माझा हात तोवर खिशात गेला होता.