राखाडीचा शनिवार

राखाडी साडी हौसेने कुणी घेत नाही. दुकानदारही ती गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतो, आणि काढलीच तर ‘सिल्व्हर ग्रे आहे हो ताई’ म्हणत आपली समजूत घालतो. तरी नवरात्रातल्या शनिवारी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून बघा. अख्खा लेडीज डबा आषाढातल्या आभाळासारखा राखाडी, आणि चेहरे मात्र उजळलेले! राखाडी हा उदासीचा रंग असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांनी ही लोकल पाहिलेली नसावी.

नवरात्रात रोज एक ठरलेला रंग नेसायचा. पण या नऊ रंगांना शास्त्राचा आधार नाही. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका मराठी दैनिकाने वाचक महिलांसाठी ही टूम काढली आणि बघता बघता ती रूढी झाली. रंग वारांवरून ठरतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. सात वार संपले की उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतून वाटणी. ज्योतिषाच्या नजरेने सगळा घोळच आहे. बुधाचं रत्न पाचू, म्हणजे हिरवं; शनीचं नीलम, म्हणजे निळं. यादीत मात्र बुधवारी निळा, हिरवा गेला शुक्रवारकडे आणि शनिमहाराजांच्या वाट्याला राख. त्यांनी कोप केल्याचं अजून ऐकिवात नाही.

मला वाटतं, रंग एकट्याने फारसं काही करत नाही. त्याला संगत लागते. एरवी बुधवारी राखाडी ड्रेस घालून गेलं तर कुणीतरी विचारतंच, ‘बरं नाही का गं?’ शनिवारी त्याच ड्रेसवर ग्रुप फोटो निघतो. वर्षभर मान वर न करणाऱ्या अकाउंट्सच्या बाईसुद्धा ‘ये गं, मध्ये ये’ म्हणतात. काळ्याचंही तेच. साखरपुड्याला काळी साडी नेसा, सासूबाईंच्या आधी मावशी बोलतील. संक्रांतीला त्याच काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालून नव्या सुनेला कौतुकाने पाटावर बसवतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो, असं कारण देतात. मुंबईच्या जानेवारीत ऊब हवी कुणाला?

रंगाचं स्वतःचं काहीच चालत नाही, असंही नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत कपडे हिरवे-निळे असतात, कारण रक्ताचा लाल बराच वेळ पाहिल्यावर पांढऱ्या कापडावर हिरवट सावल्या नाचायला लागतात. पण तो डोळ्यांचा मामला. मनाचा भरवसा कोण देणार?

अमेरिकेत तोही द्यायचा प्रयत्न झाला. १९७९ साली सिएटलमधल्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली. कैदी लगेच निवळतात असा बोलबाला झाला, आणि तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून त्या छटेला ‘बेकर-मिलर गुलाबी’ म्हणू लागले. पुढच्या अभ्यासांत मात्र तसा ठोस परिणाम दिसला नाही.

एवढा खटाटोप करण्याआधी त्यांनी गुलाबीच्या दिवशी आमच्या लोकलने यायला हवं होतं. डबाभर गुलाबी, केसांतले क्लिपसुद्धा गुलाबी. ठाणं आलं की चौथ्या सीटवरून भांडण ठरलेलं, आणि तेही रोजच्याच पट्टीत.