बेसूर, जादा पैशांत

पेण-रोह्याकडच्या हळदीत बेंजो घुमला की कोपऱ्यात बसलेली आजीसुद्धा पदर खोचते. तरी आमच्या कीबोर्डवाल्या दादांना 'व्हिंटेज' आवाजच हवा. घोळ एवढाच, की जुन्या सिंथचा आवाज कीबोर्डात भरणारं एक्सपान्शन घ्यायचं कुठलं? रोलँडच्या १९८१च्या ज्युपिटर-८चं, की १९८४च्या जुनो-१०६चं? ज्युपिटरसारखे जुने सिंथ तापले की सुरातून सरकायचे. वैतागलेल्या कंपन्यांनी तो दोष घालवला. आता त्याचीच हुबेहूब नक्कल करून वर पैसे घेतात. आमच्या भजनी मंडळाची पेटी तर वर्षानुवर्षं बेसूर आहे, तीही फुकटात! अखेर दादांनी दोन्ही घेतली आणि मांडवात बसून मन लावून फिल्टर फिरवू लागले. नवरदेवाची आत्या वैतागली, "मशीन बिघडलंय काय रे? सनईचं बटण दाब!"